जुन्या गॅस स्टेशनखालचं पाणी: पहिल्यांदा नमुने घ्यायला निघालेल्यांसाठी

भूशास्त्रात किंवा पर्यावरण अभियांत्रिकीत एम.एस. करून न्यू जर्सीत नोकरीला लागलेली मराठी मुलं-मुली दर वर्षी भेटतात. पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो, आणि प्रश्न साधारण एकच असतो. "ताई, उद्या एका बंद गॅस स्टेशनवर सॅम्पलिंगला जायचंय. डार्सीचा नियम पाठ आहे, पण वेलचं झाकण कशानं उघडतात ते कुणी शिकवलंच नाही." गॅस स्टेशन म्हणजे आपला पेट्रोल पंप, वेल म्हणजे भूजल तपासायला जमिनीत उतरवलेली अरुंद नळीची विहीर, आणि डार्सीचा नियम म्हणजे जमिनीतून पाणी कसं वाहतं त्याचं गणित. मीही अशीच गेले होते. सातारा जिल्ह्यातलं गाव, पुण्यात एम.एस्सी., मग इथे, आणि पहिल्याच दिवशी हातात एक पाना आणि आठ वेलची यादी. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगते ते एकदा सलग लिहून ठेवतेय. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. मी न्यू जर्सीत काम करते, म्हणून उदाहरणं इथलीच.

आधी थोडं मागचं

अमेरिकेत गेल्या शतकात गॅस स्टेशनखाली ज्या टाक्या पुरल्या, त्यातल्या बऱ्याचशा साध्या पोलादाच्या होत्या. ओल्या मातीत पोलाद गंजतं, शिवण सुटते, जोडनळ्या ठिबकू लागतात, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. १९८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात दुरुस्ती करून या टाक्या संघीय नियंत्रणाखाली आणल्या. १९८८ मध्ये नियम आले, आणि जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत ठरली. देशभरात आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेकांची स्वच्छता पूर्ण झाली, पण हजारो जागी काम अजून चालू आहे. तुम्ही जाताय ती त्यातली एक.

टाकी उचलून नेली तरी पेट्रोल तिथेच राहतं. ते पाण्याहून हलकं, म्हणून खाली झिरपत भूजलाच्या पातळीपाशी पोहोचलं की तिथे पसरतं. त्यातली काही रसायनं पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालू लागतात. यात बेंझीनची काळजी सर्वात जास्त, कारण त्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची संघीय मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, न्यू जर्सीची १. पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्का बेंझीन धरलं, तर एक लिटर पेट्रोलमधलं बेंझीन सतरा लाखांहून अधिक लिटर पाणी त्या ५ च्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. हा हिशेब मी नवीन मुलांना स्वतः कागदावर करायला लावते. तो एकदा हाताखालून गेला, की हातमोजे दर वेलला का बदलायचे हे वेगळं समजवावं लागत नाही.

१. कागद आधी वाचा

आदल्या दिवशी दुपारपर्यंत हे हातात हवं:

- जागेचा नकाशा. त्यावर सगळ्या वेल, जुन्या टाक्यांची आणि पंपांची जागा.
- प्रत्येक वेलच्या बांधणीचा तक्ता: खोली, जाळीदार नळी किती फुटांपासून किती फुटांपर्यंत, नळीच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची, परवाना क्रमांक.
- मागच्या किमान चार फेऱ्यांच्या पाणीपातळ्या आणि प्रयोगशाळेचे निकाल.
- मंजूर झालेला नमुना-आराखडा: कुठली वेल, कुठल्या तपासण्या, किती बाटल्या.
- सुरक्षा आराखडा, त्यात जवळच्या रुग्णालयाचा रस्ता.
- जागेत शिरण्याची लेखी परवानगी. शेजारच्या मालकाच्या आवारात वेल असेल तर त्याचीही.
- तुमचं चाळीस तासांच्या धोकादायक-कचरा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. त्याची आठ तासांची उजळणी दर वर्षी करावी लागते, तारीख तपासा.

मागचे निकाल वाचताना वेलची एक क्रमवारी लावा. सर्वात स्वच्छ पहिली, सर्वात घाण शेवटची. दुसऱ्या दिवशी याच क्रमाने काम करायचं. घाण वेलमधून निघालेली दोरी स्वच्छ वेलमध्ये गेली, तर तिथे कधीच नसलेलं बेंझीन सापडेल आणि त्याचा खुलासा करण्यात वर्ष जाईल.

आणखी एक गोष्ट जुन्या कागदांत शोधा. गॅस स्टेशन कोणत्या वर्षांत चालत होतं? शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं असेल, तर त्या शिशाबरोबर एथिलीन डायब्रोमाइड नावाचं रसायन घालत असत. त्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅम, म्हणजे बेंझीनच्या शंभराव्या भागाइतकी. नेहमीच्या तपासणीला ते इतक्या कमी प्रमाणात दिसत नाही, वेगळी पद्धत मागावी लागते. १९८० आणि ९० च्या दशकांत चाललं असेल तर एमटीबीई बघा. पेट्रोल नीट जळावं म्हणून ते घालायचे. पाण्यात ते बेंझीनपेक्षा कित्येक पट जास्त विरघळतं, मातीला चिकटत नाही, सहज कुजत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या पुढे पळतं. कॅलिफोर्नियात सांता मोनिका शहराने १९९६ मध्ये याच कारणाने आपल्या पाण्याचा साधारण निम्मा पुरवठा गमावला. आराखड्यात ही नावं नसतील आणि जागेचा इतिहास सांगतोय की हवीत, तर वरिष्ठांना विचारा. नवीन माणसाने विचारू नये, असं काही नसतं.

२. गाडीत काय हवं

- पाणीपातळीची टेप, आणि तेल-पाणी दोन्ही ओळखणारी टेप.
- पंप, त्याचा नियंत्रक, बॅटरी, प्रत्येक वेलसाठी नवी नळी.
- पाण्याचे गुणधर्म मोजणारं यंत्र आणि त्याची बंद पेटी, म्हणजे ज्यातून पाणी हवेला न लागता वाहतं ती. अंशशोधनाची द्रावणं ताजी हवीत.
- गढूळपणा मोजायचं यंत्र.
- हवेतली वाफ मोजणारा मीटर.
- प्रयोगशाळेने पाठवलेल्या बाटल्या, कूलर, भरपूर बर्फ.
- नायट्राइलचे हातमोजे. जितके लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट.
- झाकणाचा पाना, स्क्रूड्रायव्हर, नव्या कुलपांच्या किल्ल्या, दोन-चार जादा बोल्ट आणि रबरी बुचं.
- फॉस्फेट नसलेला साबण, शुद्ध पाणी, तीन बादल्या, ब्रश.
- पाच गॅलनच्या बादल्या उपशाचं पाणी साठवायला.
- शंकू, चमकणारा जाकीट, पोलादी टोकाचे बूट, हेल्मेट, सुरक्षा चष्मा.
- पाण्याने न भिजणारी वही आणि साधं बॉलपेन.

बॉलपेनबद्दल आग्रहाने सांगते. जाड मार्करच्या शाईत टोल्युइन-झायलीनसारखी द्रावकं असू शकतात, आणि तुम्ही शोधताय तीही तीच.

३. त्या दिवशी सकाळी काय करू नये

गाडीत पेट्रोल भरू नका. आदल्या संध्याकाळी भरा. पंपाची नळी धरलेला हात, तोच हात बाटलीचं झाकण उघडणार असतो. उन्हाचं क्रीम, डासांचं औषध, अत्तर, हाताला लावायचं लोशन हे सगळं टाळा. उन्हासाठी लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी घाला. जनरेटर वापरायचाच असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि लांब ठेवा. गाडी वेलच्या शेजारी चालू ठेवून एसीत बसायचा मोह जुलैत फार होतो. धूर थेट बाटल्यांवर येतो.

४. खरा धोका गाड्यांचा

सुरक्षेच्या वर्गात बेंझीनच्या वाफेवर तासभर बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या कामात माणसाला जास्त धोका मागे येणाऱ्या गाडीचा असतो. वेल पार्किंगमध्ये, कधी रस्त्याच्या कडेला असतात आणि आपण जमिनीवर वाकलेलो असतो, ड्रायव्हरला दिसत नाही. स्वतःची गाडी रहदारी आणि वेल यांच्या मधे उभी करा, शंकू लांबपर्यंत लावा, पाठ रस्त्याकडे करू नका.

झाकण उघडल्यावर तोंड खाली घालून वास घ्यायचा नाही. मीटर धरा, आकडा लिहा, थोडं बाजूला थांबा.

५. आधी सगळ्या वेलची पाणीपातळी

नवीन मुलं इथेच घाई करतात. पहिली वेल उघडायची, पातळी मोजायची, लगेच पंप सोडायचा, मग दुसरी वेल. असं करू नका. सगळ्या वेलची झाकणं आणि बुचं आधी काढा, अर्धा तास थांबा, मग एका फेरीत सगळ्यांची पातळी मोजा. बूच घट्ट असेल तर आतली हवा दाबलेली असते आणि पाणी खरी पातळी दाखवत नाही. पाणी उपसायला लागलात की आसपासच्या पातळ्याही हलू शकतात. पाऊस येणार असेल तर मोजणी त्याआधी उरका.

मोजायचं कुठून? नळीच्या तोंडावर एक खाच किंवा काळी खूण असते, बहुधा उत्तरेच्या बाजूला. भूमापकाने उंची तिथलीच मोजलेली असते. बाहेरच्या लोखंडी पेटीच्या काठावरून मोजलंत तर सगळी मेहनत वाया.

आता आपल्या लोकांचा खास सापळा. इथली टेप फुटांची असते, पण फूट बारा इंचांत नव्हे, दहा भागांत आणि पुढे शंभर भागांत विभागलेला असतो. १२.६ म्हणजे बारा फूट सहा इंच नाही. घरात फूट-इंच आणि शाळेत मीटर शिकलेल्या डोक्याला ही सवय व्हायला वेळ लागतो. प्रत्येक आकडा ०.०१ फुटापर्यंत लिहा, आणि दोनदा मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

मोजलेली खोली तोंडाच्या उंचीतून वजा करायची. तोंड ८६.५० फुटांवर आणि पाणी १२.३४ फूट खोल, तर पाण्याची उंची ७४.१६. अशा किमान तीन वेलच्या उंचींवरून पाणी कुठल्या दिशेला उतरतंय ते काढता येतं. वहीतच, गाडीच्या बॉनेटवर, तिथल्या तिथे काढा. मागच्या वेळी पाणी आग्नेयेला चाललं होतं आणि आज वायव्येला निघालं, तर बहुतेक वेळा पाणी फिरलेलं नसतं, तुमचा एखादा आकडा चुकलेला असतो. तिथे उभ्या आहात तोवर तो सुधारता येतो. ऑफिसात गेल्यावर नाही.

बहुतेक वेळा, सगळ्याच वेळा नव्हे. न्यू जर्सीचा दक्षिण भाग समुद्रकाठच्या वाळू-मातीचा आहे, तिथे तीन बिंदूंचा हिशेब छान चालतो. उत्तर-मध्य भागात लाल शेल आणि सिल्टस्टोन, म्हणजे चिखल-गाळाचे थरांचे खडक, लागतात, आणि वॉचंगच्या डोंगररांगांत चक्क बेसाल्ट. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं, हा जवळपास २० कोटी वर्षांचा. पहिल्यांदा रस्त्याच्या कापणीत त्याचे उभे खांब पाहिले तेव्हा मी गाडी थांबवून हात लावून आले होते. अशा खडकात पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून जातं. साताऱ्यात एका शेतात बोअरला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवर धूळ उडते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. इथेही तसंच. लाल शेलमध्ये तर पाणी उताराची दिशा सोडून थरांच्या रेषेने आडवं जाऊ शकतं. खडकातल्या वेलवरून काढलेला बाण नकाशावर काढताना हे मनात असू द्या.

६. टेपला तेल लागलं तर

तेल-पाण्याची टेप दोन वेगळे आवाज करते. बऱ्याच टेपमध्ये तेलाला सलग सूर आणि पाण्याला तुटक असतो, पण तुमच्या टेपची पुस्तिका बघा आणि बादलीत करून पाहा. तेल लागलं तर दोन आकडे लिहायचे: तेल कुठे सुरू झालं आणि पाणी कुठे. समजा १४.२० ला तेल आणि १५.०० ला पाणी. थर ०.८० फुटांचा. त्या वजनाने पाणी खाली दबलेलं आहे, म्हणून ०.८० ला पेट्रोलच्या सापेक्ष घनतेने, साधारण ०.७५ ने, गुणा. येतात ०.६०. पाण्याची खरी पातळी १५.०० उणे ०.६०, म्हणजे १४.४०.

वेलमध्ये दिसणारी जाडी ही जमिनीतल्या तेलाची जाडी नव्हे. नळीत तेल जमा होतं, बाहेर ते मातीच्या कणांमध्ये अडकलेलं असतं. अहवालात "जमिनीत पाऊण फूट पेट्रोल आहे" असं लिहू नका.

ज्या वेलमध्ये तेल तरंगतंय तिथून विरघळलेल्या रसायनांचा नमुना सहसा घेत नाहीत. तिथे आधी कधी तेल नव्हतं आणि आज आहे, तर काम थांबवून प्रकल्पप्रमुखांना फोन. नवीन गळती असेल तर राज्याच्या पर्यावरण विभागाला लगेच कळवावं लागतं, आणि ते कोणी कळवायचं हे त्या फोनवरच ठरवून घ्या.

७. वेल हळूच उपसा

पूर्वी बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली लांबट नळीची बादली, सोडून वेलमधलं तीन पट पाणी उपसून टाकायचे. त्याने पाणी ढवळतं, गाळ उठतो, आणि वायुरूप होणारी रसायनं उडून जातात. आता बहुतेक ठिकाणी संथ पद्धत वापरतात. पंपाचं तोंड जाळीदार भागाच्या मध्यावर ठेवायचं, मिनिटाला १०० ते ५०० मिलीलिटर इतकाच प्रवाह, आणि वेलची पातळी साधारण ०.३ फुटांहून जास्त खाली जाऊ द्यायची नाही. जमिनीवरून शोषून ओढणारा पंप असेल तर सावध राहा. शोषताना नळीत दाब कमी होतो आणि आपल्याला हवी तीच रसायनं बुडबुड्यांतून निसटतात. आराखड्यात लिहिलेला पंपच वापरा.

दर तीन ते पाच मिनिटांनी आकडे लिहीत जा. लागोपाठ तीन नोंदी एकमेकींच्या जवळ आल्या की पाणी स्थिरावलं असं धरतात: पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, ऑक्सिडीकरण-क्षपण विभव १० मिलिव्होल्टच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत. कधी अर्धा तास लागतो, कधी दीड. नोंदी जुळत नसताना जुळल्यासारख्या लिहायच्या नाहीत. थकवा आला की ते सुचतं, म्हणून सांगते. वेल कोरडी पडली तर तसं लिहा, पाणी भरू द्या, आराखड्यात अशा वेलसाठी काय सांगितलंय ते करा.

८. बाटली भरणं

हे काम पाच मिनिटांचं, पण सगळा दिवस त्यासाठी असतो.

नवे हातमोजे घाला. यंत्राची बंद पेटी नळीतून सोडवा, कारण तिच्यातून गेलेलं पाणी नमुन्यात चालत नाही. प्रवाह आणखी संथ करा. बेंझीनसाठी ४० मिलीलिटरच्या छोट्या काचेच्या कुप्या असतात, एका वेलच्या तीन. त्यांत आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घातलेले असतात, म्हणून त्या विसळायच्या नाहीत आणि भरून वाहू द्यायच्या नाहीत. कुपी तिरकी धरून पाणी भिंतीवरून सोडा, शेवटी सरळ करा, तोंडाशी पाण्याचा फुगीर घुमट दिसला की झाकण लावा. मग उलटी करून बोटाने टकटक मारा. बुडबुडा वर आला तर ती कुपी बाजूला ठेवा आणि नवी घ्या. बेंझीन त्या बुडबुड्यात जाऊन बसतं आणि झाकण उघडताच जातं.

काही ठिकाणचं चुनखडीयुक्त पाणी आम्ल लागताच फसफसतं, बुडबुडे थांबतच नाहीत. तेव्हा आम्ल नसलेल्या कुप्या वापराव्या लागतात. अशा नमुन्याची मुदत चौदा दिवसांऐवजी सात दिवस, हे प्रयोगशाळेला ठळक लिहून कळवा.

भरल्या-भरल्या बर्फात. "सगळ्या झाल्या की ठेवू" नाही. निळ्या जेलच्या पिशव्या नव्हे, खरा बर्फ, कारण ४ अंशांच्या आसपासचं तापमान प्रयोगशाळा कूलर उघडताच मोजते.

९. कोऱ्या बाटल्या आणि ताब्याची साखळी

कूलरमध्ये एक भरलेली बाटली प्रयोगशाळेतूनच आलेली असते. ती उघडायची नाही. ती तुमच्याबरोबर फिरते आणि परत जाते. तिच्यात बेंझीन निघालं, तर ते प्रवासात आलं. दुसरी कोरी बाटली तुम्ही भरता, धुतलेल्या उपकरणावरून शुद्ध पाणी ओतून. तिच्यात निघालं, तर तुमचं धुणं कमी पडलं. आणि साधारण वीस नमुन्यांमागे एक जोडनमुना, वेगळं नाव देऊन, म्हणजे प्रयोगशाळेला कळू नये की ही तीच वेल आहे. या बाटल्या भरताना वेळ फुकट जातोय असं वाटतं. पुढे एखाद्या वकिलाने आकड्यावर बोट ठेवलं, की याच बाटल्या तुमच्या बाजूने बोलतात.

ताब्याची साखळी म्हणजे नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याचा कागद. त्यात माझी मोठी चूक झाली होती. जुलैच्या पाच तारखेचे नमुने. मी सवयीने ०५/०७ लिहिलं. प्रयोगशाळेने अमेरिकन पद्धतीने ते सात मे असं वाचलं. चौदा दिवसांची मुदत उलटून गेली म्हणून अकरा नमुन्यांवर शिक्का बसला. खुलासा पाठवला, पण वहीतही मी तशीच तारीख घातलेली, त्यामुळे प्रकल्पाने तो आधार मानला नाही. दोन माणसं, दोन दिवस, सगळ्या वेल पुन्हा. तेव्हापासून मी महिन्याचं नाव अक्षरात लिहिते, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळात. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तेच करा. चूक झाली तर एका रेषेने खोडा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही.

१०. उपसलेलं पाणी

ते गटारात किंवा गवतावर ओतायचं नाही. ड्रममध्ये भरा, कुठल्या वेलचं, कुठल्या तारखेचं ते ड्रमवर लिहा, झाकण आवळा, जागा नकाशावर दाखवा. हिवाळ्यात ड्रम काठोकाठ भरू नका, गोठून फुटतो.

११. निकाल आल्यावर

आधी एकक बघा. मायक्रोग्रॅम की मिलिग्रॅम. हजारपटीची चूक अशीच होते. मग आकड्यांशेजारची अक्षरं. यू (U) म्हणजे सापडलं नाही, पण "सापडलं नाही" म्हणजे शून्य नव्हे, यंत्राला जितकं कमी दिसू शकतं त्याच्या खाली. ती मर्यादाच ५० असेल तर न्यू जर्सीच्या १ बद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही. घाण नमुना पातळ करून तपासला की असं होतं. जे (J) म्हणजे रसायन आहे, पण आकडा अंदाजी. बी (B) म्हणजे प्रयोगशाळेच्या स्वतःच्या कोऱ्या नमुन्यातही सापडलं.

एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. इथे मला माझ्या आजोबांची विहीर आठवते. दगडी बांधकामावर ओलीच्या रेषा असायच्या, एकाखाली एक. श्रावणातलं पाणी कुठवर, संक्रांतीला कुठवर, मेमध्ये कुठवर, सगळं भिंतीवर लिहिलेलं. समजा त्या विहिरीत डिझेल सांडलं असतं. पाणी उतरताना तेल भिंतीला फासत गेलं असतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी चढल्यावर ती माखलेली भिंत पुन्हा बुडली असती. जमिनीखाली नेमकं हेच होतं. पातळीच्या चढउतारात एक पट्टा तेलाने माखून जातो. पाणी चढून त्या पट्ट्यात शिरलं की बेंझीनचा आकडा एकदम वाढतो. नवीन गळती झालेली नसते. उलट मोठ्या दुष्काळात पातळी खाली गेली की मातीत अडकलेलं तेल सुटून वेलमध्ये तरंगताना दिसू लागतं. म्हणून बेंझीनचा आलेख काढताना त्याच कागदावर पाणीपातळीचा आलेख काढा. निदान दोन वर्षांच्या चारही ऋतूंच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय "कमी होतंय" हा शब्द मी वापरत नाही.

कमी खरंच होतंय का हे पाण्यातल्या इतर खुणांवरूनही कळतं. जमिनीतले जिवाणू बेंझीन खातात. त्यासाठी ते आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग लोहाची संयुगं, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होतो. म्हणून गळतीच्या गाभ्यात ऑक्सिजन जवळपास नाही, सल्फेट घटलेलं, विरघळलेलं लोह वाढलेलं, आणि बाहेरच्या स्वच्छ वेलमध्ये सगळं नेहमीसारखं, असं चित्र दिसलं तर जिवाणू कामाला लागलेले आहेत. फील्डमध्ये तुम्ही लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा इथे लागतो. गाभ्यातल्या वेलमध्ये ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन लिहिलेला मी पाहिलाय. पेटीत हवेचा बुडबुडा अडकला होता, दुसरं काही नाही.

१२. शेजारच्या घरची विहीर

हंटरडन, ससेक्ससारख्या काउंटींत बरीच घरं स्वतःच्या बोअरवर आहेत. कधी तुम्हाला त्यांच्या स्वयंपाकघरातलं पाणीही घ्यावं लागेल. नमुना गाळणी आणि पाणी मृदू करणाऱ्या यंत्राच्या आधीच्या नळातून घ्या, बहुधा तो तळघरात दाबाच्या टाकीजवळ असतो. तोटीची जाळी काढा, पाणी पंधरा-एक मिनिटं वाहू द्या, मग प्रवाह बारीक करून कुप्या भरा. घरात गाळणी असेल तर तिच्या नंतरचाही एक नमुना.

पहिल्याच वर्षी अशा एका घरी मी गेले. सत्तरीच्या आजी होत्या. मी तळघरातून वर आले तेव्हा त्यांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला होता, माझ्यासाठी. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी विचारलं, नातवंडं शनिवारी येणार आहेत, हे पाणी त्यांना देऊ का? मला उत्तर देता आलं नाही. पाणी स्वच्छ दिसत होतं, वास नव्हता, पण बेंझीनचा वास यायच्या कितीतरी आधी मर्यादा ओलांडलेली असते. मी "चालेल बहुतेक" असं काहीतरी पुटपुटले. त्या शब्दाचं ओझं निकाल येईपर्यंत दहा दिवस माझ्याबरोबर होतं.

तुम्ही असं म्हणू नका. चांगलं आहे म्हणू नका, वाईट आहे म्हणू नका. निकाल येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला बाटलीचं पाणी वापरा, असं सांगता येईल का, आणि ते कोण पुरवणार, हे घरी जायच्या आधीच प्रकल्पप्रमुखांना विचारून ठेवा. मर्यादेहून जास्त निघालं तर घराच्या मुख्य नळीवर कोळशाची गाळणी बसवता येते, हेही माहीत असू द्या. निघताना एक कागद त्यांच्या हातात द्या. त्यावर नमुना कोणत्या नळातून घेतला, निकाल कधीपर्यंत येईल, कोण फोन करेल, आणि फोन आला नाही तर त्यांनी कोणाला करायचा ते लिहा. तारीख घाला, महिना अक्षरात. ती तारीख तुमच्या वहीतही उतरवून घ्या, आणि त्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेला पहिला फोन तुम्ही करा.